जलरोधक लेपाची जर्मेनियम खिडकी: एका पावसाळ्याचा अनुभव

ट्रान्सफॉर्मरच्या जोडांचे तापमान पाहण्यासाठी उघड्यावर लावलेल्या आमच्या थर्मल कॅमेऱ्याला यंदा जलरोधक, स्वतःच स्वच्छ होणारा लेप दिलेली जर्मेनियमची (अवरक्त किरण आरपार जाऊ देणाऱ्या मूलद्रव्याची) खिडकी बसवली. असा कॅमेरा ज्यांवरून तापमान टिपतो, त्या ८ ते १२ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त किरणांना पाण्याचा ०.१ मिलिमीटरचा थरही जवळजवळ पूर्ण अडवतो, त्यामुळे जुन्या खिडकीवर पाणी पसरले की पडद्यावर नुसता करडा धूसरपणा उरत असे.

नव्या खिडकीवर थेंब पसरत नाही. तो मोत्यासारखा गोल होतो, क्षणभर थरथरतो आणि जाता जाता धुळीचे कण सोबत घेऊन ओघळतो, अगदी अळूच्या पानावरून ओघळावा तसा. खरे कसब लेप पातळ ठेवण्यात आहे, कारण फ्लोरिनयुक्त लेपातील कार्बन-फ्लोरिन बंध ८ ते ९ मायक्रॉनच्या आसपास किरण शोषतात आणि थर जाड झाला तर पाणी निथळूनही चित्र फिके पडते. जर्मेनियमचा अपवर्तनांक (किरण किती वळतात याचे माप) सुमारे ४, म्हणजे खूप जास्त असल्याने उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ३६ टक्के किरण परततात, म्हणून खाली परावर्तनरोधक थरही हवाच. तो येथे आहे.

तक्रार एकच, पण गंभीर. मदतनिसाने एक कोपरा सुती चिंधीने घासला आणि तेव्हापासून तेथे थेंब चिकटून राहतात. घासल्याने लेप झिजतो, हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकात कोठेही नव्हते. म्हणून तेलकट वाफा असलेल्या, वारंवार पुसावे लागेल अशा जागी मी ही खिडकी बसवणार नाही. उघड्या पावसातील दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी मात्र हीच मागवली आहे.