ॲमरिलिस पुन्हा फुलवण्यासाठी: कोरडी विश्रांती की बारमाही वाढ?

ॲमरिलिसचा नवा कंद पहिल्यांदा फुलतो, त्यात मालकाचे कर्तृत्व फार थोडे असते. विक्रीला येणाऱ्या चांगल्या कंदाच्या पोटात कळी आधीच तयार असते. ऊब, उजेड आणि बेताचे पाणी मिळाले की साधारण ६ ते ८ आठवड्यांत ती दांड्यासह वर येते आणि तळहाताएवढी फुले उमलतात. खरा प्रश्न उभा राहतो तो ही फुले सुकल्यानंतर. कंदाला काही महिने वाढू देऊन मग त्याचे पाणी तोडावे आणि थंड, अंधाऱ्या जागी झोपवावे, की पाने हिरवी राखून त्याला वर्षभर खिडकीतच वाढू द्यावे, याबद्दल ही झाडे वाढवणाऱ्यांत दोन तट आहेत, आणि दोन्ही तटांकडे दाखवायला फुललेल्या कुंड्या आहेत. या दोहोंतून एक वाट निवडण्याआधी कंद कोणत्या अवस्थेत घरात आला आहे हे मात्र पाहून घ्यावे लागते, कारण काही कंदांच्या बाबतीत दुसऱ्या फुलोऱ्याचा प्रश्न विकत घेतानाच जवळपास निकालात निघालेला असतो.

एक खुलासा आधी केलेला बरा. घरात फुलवला जाणारा हा कंद शास्त्रीय वर्गीकरणात हिपिॲस्ट्रम या दक्षिण अमेरिकी प्रजातीचा आहे, आणि या लेखात ॲमरिलिस म्हटले आहे ते त्यालाच. दक्षिण आफ्रिकेतला ॲमरिलिस बेलाडोना हा त्याचा नातलग आहे, पण त्याचे वार्षिक चक्र वेगळे आहे. त्याची पाने सुकून गेल्यावर नुसत्या जमिनीतून फुलांचे दांडे वर येतात. त्याच्यासाठी लिहिलेल्या सूचना घरातल्या कुंडीला लावल्या, तर केवळ गोंधळ उडतो.

मेण, पाणी की माती

मेणाचे रंगीत आवरण चढवलेले कंद दिसायला सुबक असतात आणि त्यांना पाणीही घालावे लागत नाही. कंदात साठलेल्या पाण्यावर आणि अन्नावरच दांडा वाढतो. मात्र हे कंद मेणात बुडवण्याआधी त्यांची मुळे छाटलेली असतात, पुष्कळदा मुळे फुटण्याचा तळाचा भागही कापलेला असतो, आणि कंद उभा राहावा म्हणून खालून तार खुपसलेली असते. फुले संपल्यावर मेण सोलून, तार काढून, तळ शाबूत असल्यास कंद मातीत लावता येतो आणि काही कंद त्यातून सावरतातही. परंतु पुन्हा फुलवण्याचा हेतू मनात ठेवून असा कंद घेणे शहाणपणाचे नाही. एका हंगामाची शोभा किंवा भेटवस्तू म्हणून तो पुरेसा आहे.

काचेच्या भांड्यात खड्यांवर कंद ठेवून खाली पाणी राखण्याची पद्धत याच्यापेक्षा बरी, कारण तिथे मुळे तरी वाढतात. त्यात पाण्याची पातळी कंदाच्या तळाच्या किंचित खाली राहील याकडे रोज लक्ष द्यावे लागते. तळ भिजत राहिला की कंद सडू लागतो. शिवाय पाण्यात वाढलेली मुळे मातीत नेल्यावर सहज रुळत नाहीत, आणि फुलानंतरचे जे महिने कंदाने अन्न साठवण्यात घालवायचे, त्यांतला बराच वेळ नवी मुळे करण्यात जातो. ज्याला पुढच्या वर्षीची फुले हवी आहेत त्याने सुरुवातीपासून मातीच निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मातीत लावताना कुंडी जड आणि लहान असावी; कंद आणि कुंडीची कड यांच्यामध्ये सगळीकडून अडीच सेंटिमीटरच्या आसपास जागा राहिली तरी पुरे. मिश्रण पाणी झटकन सोडणारे हवे, तळाला भोके हवीतच, आणि कंदाचा वरचा एक तृतीयांश ते अर्धा भाग मातीबाहेर राहिला पाहिजे. मोठ्या कुंडीतली माती लवकर वाळत नाही आणि त्या ओलीत कंद कुजतो. कंदाचा आकार त्याच्या घेरावरून सांगितला जातो, म्हणजे २६/२८ असे लिहिलेले असेल तर घेर २६ ते २८ सेंटिमीटर. मोठ्या घेराच्या कंदाला पहिल्याच हंगामात दोन, कधी तीन दांडे येतात, पण त्याचा आणखी एक लाभ फारसा सांगितला जात नाही: त्याच्याजवळ शिल्लक अधिक असल्याने पहिल्या वर्षीच्या काळजीत थोडी कसूर झाली तरी तो ती सोसतो.

फूल ठरते कुठे

दोन वाटांची तुलना करण्यापूर्वी कंदाच्या आत काय चालते हे समजून घेतले नाही, तर वाद केवळ सवयींचा राहतो. कंदाच्या गाभ्यात वाढीचा क्रम ठरलेला असतो: साधारण चार पाने, मग एक फुलोरा, पुन्हा चार पाने, पुन्हा एक फुलोरा. फुलोरा आत धरल्यापासून बाहेर दिसेपर्यंत जवळपास वर्ष जाते, कधी त्याहूनही अधिक. ट्युलिपला कळी नीट वाढवण्यासाठी थंडीचा काळ लागतो. ॲमरिलिसला कळी धरण्यासाठी ना थंडी लागते, ना दिवस लहान होण्याची खूण. लागते ते अन्न, आणि ते तयार होते पानांत. साठा अपुरा पडला तर आत धरलेली कळी बाहेर येण्याआधीच सुकून जाते, आणि मालकाला मात्र वाटते की कळी धरलीच नव्हती.

मेख येथे आहे. विश्रांती फूल निर्माण करत नाही; आत तयार असलेल्या कळ्या कधी बाहेर याव्यात, एवढेच ती ठरवते. म्हणून मागच्या वर्षी अंधाऱ्या खिडकीत दोन लांबट, लुळी पाने काढून बसलेला कंद कितीही काटेकोरपणे झोपवला तरी जागा झाल्यावर पुन्हा पानेच देतो, आणि दोष मात्र विश्रांतीच्या कालावधीला दिला जातो.

त्यामुळे फुलांनंतरचे सहा-सात महिने दोन्ही वाटांना समान आहेत. सुकलेली फुले मागच्या फुगीर बीजकोशासह खुडावीत, कारण बी धरण्यात कंदाची शक्ती खर्च होते. दांडा मात्र हिरवा असेपर्यंत ठेवावा, कारण तोही अन्न तयार करतो. त्यानंतर कुंडी घरातल्या सर्वांत उजेडाच्या जागी ठेवावी, आणि हवा उबदार झाल्यावर बाहेर हलवता आली तर फारच उत्तम. आधी सावलीत, मग हळूहळू कोवळ्या उन्हात. वाढीच्या काळात दर दोन आठवड्यांनी पातळ केलेले संतुलित खत द्यावे आणि नत्राचा भडिमार टाळावा. फुलण्यात आकसलेला कंद या काळात पुन्हा भरतो, आणि तो खरोखर भरला की नाही हे पाहायला बोट पुरते: कांद्यासारखा टणक लागला तर ठीक, दाबल्यावर बोट आत गेले तर अजून घाई करू नये.

कोरडी विश्रांती

या वाटेने जाणारा शरदाच्या सुमारास पाणी थांबवतो, पाने पिवळी पडून मावळू देतो, आणि कंद कुंडीसह १० ते १३ अंश सेल्सिअसच्या कोरड्या, अंधाऱ्या जागी ८ ते १० आठवडे ठेवतो. नंतर वरची थोडी माती बदलून, एकदा नीट पाणी देऊन, कुंडी उबेत आणि उजेडात आणली जाते, आणि कोंब दिसेपर्यंत पाण्याचा हात आखडता ठेवला जातो. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे वेळेवरचा ताबा. फुले कोणत्या सुमारास हवीत ते ठरवून उलटे मोजता येते: पाने मावळण्याचा काळ, विश्रांतीचे आठवडे आणि जाग आल्यावरचे ६ ते ८ आठवडे मिळून जवळपास पाच महिने आधी पाणी तोडावे लागते. अनेक कंद असतील तर दर पंधरवड्याला एक याप्रमाणे जागे करून फुलांचा हंगाम लांबवता येतो. पाने नसलेला दांडा ज्यांना देखणा वाटतो, त्यांनाही हीच वाट मानवते.

अडचण जागेची आहे. पुष्कळ घरांत १० ते १३ अंशांचा कोपराच नसतो. उबदार खोलीतल्या कपाटात कोरडा ठेवलेला कंद पुष्कळदा मध्येच कोंब काढतो, आणि अंधारात वाढलेला तो फिकट दांडा नंतर सावरणे कठीण जाते. दुसरीकडे, हिम पडण्याइतकी थंडी असलेल्या जागी ठेवला तर कंद मरतो. हिरवीगार पाने कात्रीने छाटून विश्रांती लादण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही, कारण मावळत जाणाऱ्या पानांतले अन्न कंदात परत जाण्याआधीच आपण ते कचऱ्यात टाकतो.

बारमाही वाढ

दुसऱ्या वाटेत करायचे काम कमी आहे आणि धीर अधिक लागतो. पाणी थांबवायचे नाही, फक्त थंडीच्या महिन्यांत कमी करायचे आणि खत बंद ठेवायचे. पाने जुनी होऊन आपोआप गळतील तेवढीच काढायची. मुळांना धक्का लागत नाही, हा या पद्धतीचा दुर्लक्षित लाभ आहे. ॲमरिलिसची जाड, मांसल मुळे वर्षानुवर्षे टिकतात, आणि दीर्घ कोरड्या काळात त्यांतली बरीच मरतात. बारमाही वाढणाऱ्या कंदाची मुळे शाबूत राहिल्याने तो जलद जाडजूड होतो.

बदल्यात फुलांच्या वेळेवरचा ताबा जातो. काही कंद वसंतात फुलतात, काही उन्हाळ्यात मध्येच, आणि दोन दांडे एकाच वेळी न येता काही महिन्यांच्या अंतराने येऊ शकतात. शिवाय थंडीतही उजेडाची खिडकी अडवून ठेवावी लागते. उजेड कमी आणि पाणी नेहमीएवढेच, असे झाले तर पाने लांबून लोळतात आणि कंदाची शिल्लक वाढण्याऐवजी घटते. ज्यांच्याकडे दक्षिणेकडची किंवा पूर्वेकडची मोकळी खिडकी (दक्षिण गोलार्धात उत्तरेकडची) किंवा वाढीचा दिवा नाही, त्यांनी ही वाट धरू नये.

वाणही येथे निर्णायक ठरतो. ब्राझीलमधल्या मूळच्या हिपिॲस्ट्रम पॅपिलिओची पाने स्वभावतःच बारमाही हिरवी असतात. मरून रेषांची त्याची फिकट हिरवट फुले मोहक दिसतात, पण त्याला पूर्ण कोरडे ठेवणे हे त्याचे नुकसान करणेच आहे. पानाच्या मधोमध पांढरी रेघ असलेल्या रेटिक्युलॅटमचेही तसेच. 'रेड लायन', 'ॲपल ब्लॉसम', 'मिनर्व्हा' यांसारखे मोठ्या फुलांचे संकर मात्र दोन्ही प्रकार चालवून घेतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत जागा आणि स्वभाव पाहून ठरवावे.

पहिल्यांदाच प्रयत्न करणाऱ्याला मी या दोहोंच्या मधली वाट सुचवीन. शरदात पाणी पूर्ण न तोडता दोन पाळ्यांमधले अंतर खूप वाढवावे, खत बंद करावे, कुंडी घरातल्या त्यातल्या त्यात थंड पण उजेडाच्या जागी दीड-दोन महिने ठेवावी, आणि पाने टिकली तर टिकू द्यावीत, गेली तर जाऊ द्यावीत. नंतर ऊब आणि पाणी वाढवले की कंद बहुतेकदा जागा होतो, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात विसरून जाण्याचा धोकाही टळतो. तारखेनुसार फुले हवी असतील तरच काटेकोर विश्रांतीच्या खटाटोपात पडावे.

जाग आल्यावर जे पहिले टोक वर येते, ते पान आहे की कळी हे ओळखणे सोपे आहे. पानाचे टोक पातळ, चपटे आणि गोलसर असते आणि मागोमाग त्याचा जोडीदार येतो. कळी मानेच्या मध्यापासून किंचित बाजूला, जुन्या पापुद्र्यांना रेटत निघते. ती जाडसर असते, टोकाशी निमुळती होत जाते, आणि जवळून पाहिल्यास तिच्या कडेला दोन पाती एकमेकांवर मिटल्याची बारीक शीव दिसते. पाने आधी आली म्हणजे हंगाम वाया गेला असे नाही. पुष्कळदा दांडा त्यांच्या मागून येतो.

मानेवरच्या तपकिरी, सुट्या सालीखाली मात्र वर्षातून एक-दोनदा डोकवावे, विशेषतः बारमाही वाढीत. तिथे कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण असतो, आणि कोरड्या विश्रांतीत साल सोलताना तो जसा आपोआप नजरेस पडतो तसा पानांनी झाकलेल्या कंदात पडत नाही. पानांवर आणि दांड्यावर तांबडे, खोलगट चट्टे पडले तर ती स्टॅगोनोस्पोरा बुरशी आहे. रोगट भाग कापावा, पाणी मानेत न ओतता मातीच्या कडेने द्यावे, आणि तो कंद इतरांपासून दूर ठेवावा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर दोन्ही वाटांत कंद त्यांच्या तोंडाला लागणार नाही याची तजवीज हवी, कारण त्यात लायकोरिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि ते कंदात सर्वांत जास्त असते.

कुंडी बदलण्याची घाई दोन्ही पद्धतींत नको. तीन-चार वर्षांतून एकदा पुरे. कडेला आलेली पिल्ले त्या वेळी मुळांसह सुटी करता येतात आणि त्यांना फुलायला साधारण तीन वर्षे लागतात, त्या काळात त्यांना कोरडी विश्रांती अजिबात देऊ नये. ज्याला एकाच कुंडीत चार-पाच दांड्यांचा घोस हवा आहे त्याने पिल्ले वेगळी न करता आईच्या भोवतीच राहू द्यावीत, फक्त खत थोडे वाढवावे.