सलूनमधली बीपी तपासणी: मोजमाप चोख, पाठपुरावा कच्चा

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत कृष्णवर्णीय मेडिकल विद्यार्थी वस्तीतल्या सलूनमध्ये टेबल मांडून फुकट बीपी तपासतात. ही सेवा जरूर घ्यावी अशी आहे.

यामागे जुना वारसा आहे. मेडिकल कॉलेजांच्या दर्जाची झडती घेणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर कृष्णवर्णीयांच्या सात मेडिकल कॉलेजांपैकी पाच बंद पडली, हॉवर्ड आणि मेहारी तेवढी तगली. याच दोन कॉलेजांच्या विद्यार्थ्यांनी १९६४ मध्ये स्टुडंट नॅशनल मेडिकल असोसिएशन ही कृष्णवर्णीय मेडिकल विद्यार्थ्यांची संघटना उभी केली. वस्तीचं देणं फेडणं ही तिथे शिक्षणाइतकीच मोठी जबाबदारी मानली जाते. सलूनची निवडही अचूक आहे. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ पर्यंत एका सरकारी अभ्यासात सिफिलिसच्या कृष्णवर्णीय रुग्णांना उपचाराविना ठेवलं गेलं, तेव्हा दवाखान्यावरचा अविश्वास उगाच नाही. बार्बरचा शब्द मात्र लोक मानतात.

मोजमापात गडबड होते ती बहुधा कफमुळे, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्यामुळे. दंडाचा घेर २७ ते ३४ सेंटिमीटर असेल तर रेग्युलर, ३५ ते ४४ ला लार्ज, त्यापुढे एक्स्ट्रा लार्ज. एक्स्ट्रा लार्ज लागणाऱ्या दंडावर रेग्युलर कफ चढवला तर वरचा आकडा वीसेक अंकांनी फुगतो आणि धडधाकट माणूस घाबरून घरी जातो. म्हणून टेबलावर टेप आणि तिन्ही कफ दिसले तरच बाही वर करा. कपड्यावरून कफ बांधू देऊ नका. बीपी केस कापण्याआधी मोजून घ्यावं, पाच मिनिटं गप्प बसून. गप्पा थांबवणं सलूनमध्ये अवघड, पण बोलताना आकडा चढतोच. पाठ टेकलेली, पाय सपाट, एकावर एक नाहीत. खुर्चीचा हात खाली असेल तर कोपराखाली दोन टॉवेल घडी करून ठेवावेत, म्हणजे कफ छातीच्या पातळीला येतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी काढावी. चांगले गट हे सगळं नेमाने करतात.

खरी उणीव पुढे आहे. लॉस एंजेलिस परिसरातल्या ५२ सलूनमध्ये ३१९ पुरुषांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे फार्मासिस्टने सलूनमध्येच औषधं सुरू केली, तिथे सहा महिन्यांत वरचं बीपी सरासरी २७ अंकांनी उतरलं. जिथे बार्बरने नुसतं समजावून डॉक्टरकडे जायला सांगितलं, तिथे जेमतेम ९. विद्यार्थ्यांना औषध लिहून देता येत नाही. त्यामुळे ज्या टेबलावर फक्त आकड्याची चिठ्ठी मिळते, तिथलं काम अर्धंच राहतं. जवळच्या क्लिनिकची अपॉइंटमेंट तिथेच फोन लावून ठरवणारा, दोन आठवड्यांनी विचारपूस करणारा गट निवडावा. परीक्षांच्या दिवसांत टेबल गायब होतं, म्हणून पाठपुराव्याची वही बार्बरकडेच ठेवलेली बरी.

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोबडी वळणं असेल, तर पुन्हा मोजत बसू नये; ९११ हा तिथला आपत्कालीन नंबर लावावा.