भातावरच्या ढेकण्या: चार औषधांची पारख

आजरा, चंदगड, राधानगरी भागात दाणा दुधात आला की त्यातलं दूध शोषणाऱ्या ढेकण्या, म्हणजे भातावरचे ढेकूण, लोंबीवर उतरतात. आजूबाजूचं लवकरचं भात पिकलं की त्या उशिराच्या रानाकडे वळतात, त्यामुळे घनसाळसारख्या गरव्या (उशिरा पिकणाऱ्या) भाताला जास्त जपावं लागतं. सकाळी लवकर बांधापासून आतपर्यंत चूड (भाताचे बुंधे) तपासावेत. चुडामागे एक ढेकूण भेटला तरच औषध घ्यावं.

आमची पहिली पसंती लॅम्बडा सायहॅलोथ्रीन 5 टक्के ईसीला. एकरी 100 मिली, 200 लिटर पाणी. म्हणजे 16 लिटरच्या पंपाला 8 मिली. अंगाला लागलं की ढेकूण पटकन पडतो. पण किडी खाणारे कोळी आणि तुडतुड्यांची अंडी खाणारे उपयोगी मिरिड ढेकूणही मरतात. दोन-तीन फवारे मारले की तपकिरी तुडतुडे उसळतात, तेव्हा एकच फवारा पुरे. खाचराचं पाणी ओढ्याला जात असेल तर आधी बांध बंद करा; मासे आणि खेकडे या औषधाने मरतात.

मॅलॅथिऑन 5 टक्के भुकटी हल्ली कुणी मागत नाही, हे चुकतंय. डोंगरउतारावर 200 लिटर पाणी वाहून नेण्यापेक्षा एकरी 8 ते 10 किलो भुकटी सोपी. लोंबी दवाने ओली असताना, वारा पडलेला असताना धुरळावी. पिशवी ओलीला राहिली तर गुठळ्या होतात आणि एका जागी ढीग, दुसरीकडे काहीच नाही, असं होतं.

इमिडाक्लोप्रिड 17.8 एसएल तुडतुड्यांना चांगलं, इथे मात्र मधलंच. ते मुळाकडून पानांकडे चढतं, भरणाऱ्या दाण्यात फार थोडं पोचतं. 5 टक्के निंबोळी अर्क पिल्लांवर चालतो, मोठा उडता ढेकूण त्याला दाद देत नाही.

औषध कुठलंही असो, दुपारी मारू नका. उन्हात ढेकण्या चुडाच्या तळाशी दडतात, शिवाय सकाळी 9 ते 12 फुलं उमलतात. फवारा चारनंतर, भुकटी सकाळच्या दवात; बांधाकडून आत यावं. बांधावरचं गवत आधीच काढलेलं असावं, नाहीतर ढेकण्यांना तिथेच आसरा मिळतो.

चाचणी घ्यायची तर शेजारशेजारच्या लहान वाफ्यांत आकडे फसवतात, कारण ढेकण्या उडून इकडच्या तिकडे जातात. फवारलेल्या आणि न फवारलेल्या लोंब्यांवर मच्छरदाणीच्या पिशव्या बांधून प्रत्येकीत सारखेच ढेकूण सोडावेत आणि पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी मोजावेत. खरा निकाल मात्र काढणीला लागतो. पिशवीतल्या लोंबीचे दाणे सोलून ढेकणाने टोचलेले, तपकिरी ठिपक्याचे वेगळे काढा. लोंबी संपूर्ण पांढरी असून हाताने ओढताच निघत असेल तर ते काम खोडकिड्याचं आहे, ती या हिशेबात धरू नका.

दुकानातून घेताना लेबलवर भात हे पीक आणि काढणीपूर्व थांबण्याचे दिवस वाचा. दाणा घट्ट झाल्यावर फवारणं म्हणजे पैसे आणि औषध दोन्ही वाया.