जिउ-जित्सू शिकायचंय: डाव घोटून घेणारा गुरू की थेट भिडवणारा?

जिउ-जित्सू म्हणजे समोरच्याला जमिनीवर नेऊन, पकडून शरण आणायचा खेळ. गेल्या आठवड्यात आमच्या वर्गात नागपूरच्या महाल भागातला एक मुलगा रोल (सरावाची लढत) संपल्यावर शेजारी येऊन बसला. लहानपणापासून आखाड्यात वाढलेला, माती अंगात मुरलेली. म्हणाला, "दादा, नागपुरातच दोन ठिकाणी ट्रायल करून आलो. एकीकडे तासभर एकच डाव घोटून घेतला. दुसरीकडे डाव दाखवलाच नाही, सरळ भिडवलं. जायचं कुठं?"

पहिली पद्धत आपल्या ओळखीची आहे. वॉर्मअप, मग सर डाव दाखवतात, जोड्या पडतात, दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा, आणि शेवटची पंधरा मिनिटं रोल. नवख्याला यात आधार वाटतो. डावांची नावं कळतात, कशानंतर काय येतं ते कळतं. चाळिशीत सुरुवात करणाऱ्याला, मॅटची भीती असणाऱ्याला ही शिस्त फार उपयोगी पडते. पण खोट तिथंच आहे. सिझर स्वीप घ्या, म्हणजे खालून वरच्याला उलटवायचा डाव. कॉलर आणि बाही पकडली, नडगी समोरच्याच्या पोटावर आडवी टेकवली, त्याला अंगावर ओढलं आणि पायांची कात्री फिरवली की जोडीदार अलगद पडतो. रोलमध्ये मात्र तो हात मॅटवर टेकवतो आणि सगळं तिथंच अडतं. हात टेकवला तर पुढे काय, हे त्या दहा वेळांत आलेलंच नसतं. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. पाठ असलेले डाव साठ-सत्तर होते, रोलमध्ये लागायचे तीन.

दुसऱ्या पद्धतीत सर खेळ लावून देतात. खालच्याने पाय मध्ये ठेवायचे, वरच्याने पायांच्या पलीकडे जाऊन छातीला छाती लावायची, वेळ दोन मिनिटं. पार झाला की पुन्हा पहिल्यापासून. अमेरिकेत ग्रेग साउडर्स या प्रशिक्षकांनी अलीकडच्या वर्षांत या विचाराचा मोठा आग्रह धरला आहे. इथं समोरचा पहिल्या दिवसापासून खराखुरा विरोध करतो, त्यामुळे हात कधी टेकला जातो हे डोळ्यांना आणि नितंबांना आपोआप कळू लागतं. पण खेळ नीट बेतलेला नसला तर अंगात जोर असलेला जिंकत राहतो आणि नवीन पोरगं नुसतं दबून घरी जातं. ही पद्धत शिकवणारा सजग हवा: कोण अडकलाय ते पाहून लगेच नियम बदलणारा.

म्हणून ट्रायलला जाल तेव्हा घड्याळ बघा. विरोध करणाऱ्या जोडीदाराबरोबर, ठरलेल्या स्थितीतून, ठरलेलं काम करत तुमची किती मिनिटं गेली? तासात वीसही नसतील तर ती जागा मी सुचवणार नाही, सर कितीही नामांकित असोत.

मग प्रश्न शैलीचा. कुस्तीत पाठ टेकली की चितपट. त्यामुळे आखाड्यातला गडी खाली आला की पालथा होतो, आणि जिउ-जित्सूत हीच पाठ देणं महागात पडतं. आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय जिउ-जित्सू महासंघाच्या नियमांत पाठीचा ताबा मिळाला की ४ गुण, माउंटला (अंगावर बसून ताबा) ४, गार्ड (खालच्याने पायांनी अडवणं) पार केला की ३, पाडलं तर २. म्हणजे त्या मुलाचा पट (पाय धरून पाडणं) दोनच गुणांचा, आणि पालथं होणं चारांचं. त्याला मी गार्ड खेळणाऱ्या गुरूकडे जा म्हटलं. पाडायचं त्याला येतंच, पाठीवर पडून लढायचं येत नाही. किरकोळ अंगाच्या माणसाने जगज्जेत्या मार्सेलो गार्सियाचा बटरफ्लाय गार्ड (पावलं समोरच्याच्या मांड्यांच्या आत अडकवून लढणं) बघावा. स्वतःपेक्षा कितीतरी जड माणसांना त्याने त्यातून उलटवलं. उंच-धिप्पाड असाल तर दुसरा जगज्जेता रॉजर ग्रेसी बघा. पहिल्या काही महिन्यांतच शिकवतात तो माउंटवरचा कॉलर चोक (कॉलरने गळा आवळणं) त्याने जगज्जेत्यांना लावला.

गी (जाड कापडाचा पोशाख) की नो-गी (त्याविना), हे नागपुरात थोडं ऊनही ठरवतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना घामाने भिजलेली गी अंगावर ओझं होते. पण गीच्या पकडीमुळे रोलचा वेग मंदावतो, विचार करायला सवड मिळते. मी ऑक्टोबर ते फेब्रुवारी गी, पुढे नो-गी असं करतो. नो-गीच्या वर्गात एकच विचारून घ्या: हील हुक (टाच धरून पाय पिळायचा डाव) कोणाला लावू देता? आयबीजेजेएफ तो नो-गीतही फक्त ब्राउन आणि ब्लॅक बेल्टच्या प्रौढांना चालू देते, कारण दुखायच्या आधी गुडघा गेलेला असतो. मी एकदा टॅप करायला (हार मानल्याची थाप द्यायला) अर्धा सेकंद उशीर केला आणि चार महिने जिना एकेक पायरी करत उतरलो.

दोन्ही ठिकाणी आठवडा-आठवडा घालवत फिरू नका. एक जागा धरून सहा महिने काढा, मग रविवारी दुसरीकडच्या ओपन मॅटला (सगळ्यांना खुल्या सरावाला) जा, सरांना सांगून.

तो मुलगा परवा आला होता. दोन मिनिटं पाठीवर राहिला, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, गुडघे छातीपाशी. दोनदा पालथं व्हायला निघाला आणि दोनदा थांबला.