डब्याची तयारी: आदल्या रात्री, पहाटे उठून की रविवारीच सगळी?

डोंबिवली, बदलापूर, विरार इकडून रोज सातच्या आसपास लोकल पकडणाऱ्यांकडे तीन पर्याय असतात. एक तर पाचला उठून सगळं ताजं करायचं, नाहीतर रात्री जेवण झाल्यावर निम्मं उरकून ठेवायचं, नाहीतर रविवारी बसून आठवड्याची तयारी फ्रीजमधे कोंबायची. तिन्हीचे भक्त आपापल्या जागी ठाम असतात. माझं मत रात्रीकडे झुकतं, पण रात्री काय करायचं आणि काय अजिबात नाही हे नीट ठरवलं तरच, नाहीतर झोपही जाते आणि डबाही बेचव होतो.

आधी पहाटेवाल्यांचं बघू. कणीक ताजी, भाजी ताजी, पोळी मऊ, चवीत याला तोड नाही हे मान्य. पण दुपारी एकला डबा उघडेपर्यंत पाचची भाजी आणि साडेसहाची भाजी यात फारसा फरक राहत नाही. आणि पहाटे घरात एकच माणूस जागा असतो, बहुतेक घरांत कोण ते सांगायला नकोच, त्यामुळे सगळं काम त्याच एकाच्या अंगावर पडतं. रात्री मात्र सगळे जागे असतात, टीव्हीसमोर बसून लसूण सोल म्हणून नवऱ्याला सांगता येतं, पोरांना गवार मोडायला बसवता येतं. मला तर रात्रीच्या तयारीचा हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो, वेळ वाचतो वगैरे नंतरचं.

आता रात्री काय जमतं ते. पालेभाजी निवडून ठेवायची पण धुवायची नाही, ओली ठेवली की सकाळपर्यंत सडायला लागते. मेथी कोरडीच कागदात किंवा फडक्यात गुंडाळून फ्रीजमधे टाका. भेंडी उलट, रात्रीच धुवून पुसून पसरून ठेवा म्हणजे सकाळी चिरताना खडखडीत कोरडी असते आणि तार सुटत नाही. गवार, घेवडा, फरसबी, कोबी, फ्लॉवर रात्री चिरले तरी बिघडत नाही. वांगं आणि कच्चा बटाटा मात्र चिरून ठेवला की काळा पडतो, पाण्यात बुडवून ठेवता येतो पण रात्रभर पाण्यात ठेवण्यापेक्षा बटाटे सरळ उकडून गार करून फ्रीजमधे ठेवलेले बरे, सकाळी सोलून फोडणीला टाकले की झालं. कांदा चिरून ठेवणार असाल तर घट्ट झाकणाचा काचेचाच डबा घ्या, साध्या वाटीत ठेवला तर सकाळच्या चहाच्या दुधालाही वास येतो (आमच्याकडे यावरून रामायण झालंय).

कणकेवरून सगळ्यात जास्त वाद. रात्री मळलेली कणीक फ्रीजमधे काळपट पडते, कारण गव्हातल्या काही घटकांची हवेशी क्रिया होते, चिरलेलं सफरचंद तपकिरी होतं तसाच प्रकार. जरा घट्टच मळा, वरून तेलाचा हात फिरवा, हवाबंद डब्यात ठेवा, रंग बराच टिकतो. सकाळी उठल्याउठल्या बाहेर काढायची, चहा होईपर्यंत मऊ पडते. फ्रीजबाहेर मात्र ठेवू नका, मे महिन्यात सकाळपर्यंत आंबते. आणि घरात कोणाला पोळीचा रंग जरा बदललेला चालत नसेल तर सकाळीच मळा, दहा मिनिटांचं तर काम आहे, त्यासाठी रोज कटकट कशाला.

भाजी रात्रीच शिजवून ठेवणं मला पटत नाही. ओलं खोबरं घातलेली असेल तर नकोच, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उन्हाळ्यात आणि ऑक्टोबर हीटमधे तिचा भरवसा नसतो. भाताचं तर जास्तच जपा, रात्रीचा भात डब्यात न्यायचा असेल तर गार झाल्यावर लगेच फ्रीजमधे गेला पाहिजे, ओट्यावर रात्रभर राहिलेला भात फोडणी देऊनही सुरक्षित होत नाही, त्यात वाढणाऱ्या जंतूंचं विष पुन्हा गरम करून जात नाही. तूरडाळ रात्री भिजवायची गरज नाही, अर्धा तास पुरतो. राजमा, छोले, साबुदाणा यांना मात्र रात्रीशिवाय पर्याय नाही, मटकीला मोड हवे असतील तर त्याच्याही एक दिवस आधी.

रविवारची पद्धत मला फक्त टिकाऊ वस्तूंपुरती आवडते. रवा भाजून ठेवणं, दाण्याचं कूट, आलं-लसूण वाटण, नारळ खवून फ्रीजरमधे, थालीपीठाची भाजणी, एवढं केलं तरी आठवडा सुसह्य होतो. पाच दिवसांच्या भाज्या चिरून ठेवायचं काही सांगू नका, गुरुवारपर्यंत कोबीला वास येतो आणि रविवारची दुपार जाते ती वेगळीच.

स्वयंपाक सोडून बाकीचं तर डोळे झाकून रात्री. उद्या भाजी कुठली हे ठरवणं, इस्त्रीचे कपडे, पोरांचं दप्तर, छत्री, रिकामा डबा घासून जागेवर, मोबाईल चार्जिंगला, रेल्वेचा पास संपत तर नाहीये ना ते बघणं. सकाळचा वेळ चिरण्यात कमी आणि शोधण्यात, ठरवण्यातच जास्त जातो. राज्य सरकारने 2024 मधे चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, ज्यांची शाळा खरंच नऊला भरते त्यांना दप्तराचं सकाळी जमेलही, पण पाचवीपासून पुढची मुलं असतील तर रात्रीच.

ज्यांना घरी पोचायलाच रात्रीचे साडेनऊ होतात त्यांनी हे सगळं करायला जाऊ नये, अकराला ओट्याशी उभं राहण्यापेक्षा झोपलेलं बरं. त्यांनी रविवारचं वाटण आणि कूट वापरावं, भाजी निवडलेली आणावी, पोळ्या जवळच्या पोळीभाजी केंद्रातून घ्याव्यात आणि रात्री फक्त उद्याची भाजी ठरवून बॅग भरून ठेवावी.