मेसालामाइनची 1.2 ग्रॅमची गोळी : पाचपैकी चार तारे

वरूडकडं आमची संत्र्याची बाग. दोन वर्षांपासून मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज अन् जखमा. "मूळव्याध असन बा" म्हणत सहा महिने झाडपाल्यात गेले. अमरावतीला दुर्बीण घातली तेव्हा खरं कळलं, तेव्हापासून ही गोळी.

गोळी भलती मोठी. घशाखाली उतरेना म्हणून घरची अडकित्त्यानं दोन तुकडे करून द्यायची. महिना गेला, रक्त जायचं थांबेना. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "भाऊ, तुम्ही तं गाडीच मोडली, माल पोचन कसा?"

सगळी कमाल वरच्या लेपाची. जठरातल्या आम्लात तो टिकतो अन् लहान आतड्याच्या शेवटी, पीएच 7 च्या आसपास, म्हणजे आंबटपणा जवळपास संपला, की विरघळतो. लेप फुटला तर औषध वरच्यावर लहान आतड्यातच शोषलं जातं, जखमेपर्यंत येतच नाही. आख्खी गिळायला लागलो अन् पाच आठवड्यांत रक्त थांबलं.

एकदा संडासात गोळीचं टरफल दिसलं. बकरी बाभळीच्या शेंगा खाते अन् बी तसंच टाकते, तसं तर नाही? डॉक्टर म्हणाले, रिकामं टरफल असलं तर चालते, आख्ख्या गोळ्या पडायला लागल्या तर या.

एक तारा कापला तो गोळी सहज मिळत नाही म्हणून. तालुक्याला एका मेडिकलवाल्यानं "तेच औषध हाय काका" म्हणून वेगळ्या लेपाची गोळी हातात टेकवली होती. आता एसटीनं अमरावतीहूनच आणतो. मे महिन्यात स्ट्रिप माठाजवळ ठेवतो, पाकिटावर 30 अंशांखाली ठेवा लिहिलंय अन् आमच्याकडं पारा 45 वर.

भाचा नागपुरात फार्मसी शिकतो. त्याच्या सांगण्यावरून आता औषध वाहून नेणाऱ्या नॅनोकणांवर काम चाललंय. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे कण, चांगली जागा सोडून सुजलेल्या जागीच जास्त साचतात. आपल्या मेडिकलात यायला वेळ आहे, बहुतेक काम अजून प्रयोगशाळेतच. पण जठरातून त्यांनाही सांभाळून न्यावं लागतंच, अन् त्यासाठी पेक्टिनचा लेप देऊन पाहतात. आपल्या पाचकरसांना पेक्टिन पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू मात्र ते फोडतात.

"पेक्टिन म्हणजे कायचं बाप्पा?"

"संत्र्याच्या सालीत असते ना मामा."

यंदाच्या फळगळीत मी ट्रॉलीभर संत्री बांधावर फेकली होती.