चेहऱ्यावरून हयातीचा दाखला: ‘जीवन प्रमाण’ वापरून पाहिल्यानंतर

निवृत्तिवेतन सुरू राहावे म्हणून दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ‘जीवन प्रमाण’ या सेवेत तो २०१४ पासून ऑनलाइन देता येतो. मात्र बोटांचे ठसे झिजलेल्या वृद्धांना तिचा खरा उपयोग होऊ लागला तो २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आल्यावर. यंदा आत्यांचा दाखला मी याच पद्धतीने काढला.

त्यासाठी मोबाइलवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ अशी दोन ॲप लागतात. आधी मदत करणाऱ्याला स्वतःचा चेहरा आधारशी जुळवून घ्यावा लागतो. हे कशासाठी, ते तिथे कोणी समजावत नाही. मग पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) क्रमांक, बँक खाते वगैरे तपशील भरायचे. पुनर्विवाह केला आहे का, हा प्रश्न मी वाचून दाखवला तेव्हा आत्यांना हसू आवरेना. शेवटी समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे याची खात्री पटावी म्हणून कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करायची. चष्मा काढून, खिडकीजवळ बसल्यावर काम झाले.

त्याआधी मात्र चेहरा जुळत नव्हता, आणि दोष उजेडाचा की आधारवरील जुन्या फोटोचा, हे यंत्र सांगत नव्हते. ज्याच्या महिन्याच्या पैशांचा प्रश्न आहे त्याला नकाराचे कारण मराठीत कळणे हा त्याचा हक्कच मानला पाहिजे. ‘माझा फोटो कुठे जातो?’ असे आत्यांनी विचारले, तेव्हा संमतीच्या चौकोनावर खूण केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, एवढेच मी सांगू शकलो. संमती मागताना ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील (म्हणजे मराठीसारख्या) भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा, असे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो. पण न समजलेल्या मजकुरावरची खूण, ती कुठल्याही भाषेतली असो, संमती कशी म्हणावी?

सोय उत्तम आहे, यात शंका नाही; अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तर ती मोठाच आधार आहे. कागदी दाखलाही चालतो, तरी ओळखीच्या एका आजोबांना बँकेतून ‘मोबाइलवरूनच करा’ म्हणून परत पाठवले गेले. ज्यांचा चेहरा जुळत नाही त्यांनी अशा वेळी कागदाचा आग्रह धरावा. ज्यांचा जुळला त्यांनीही प्रमाण क्रमांकाचा (तयार झालेल्या दाखल्याच्या क्रमांकाचा) एसएमएस आला म्हणून निर्धास्त राहू नये, कारण दाखला तयार होणे वेगळे आणि निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाने तो स्वीकारणे वेगळे. काही दिवसांनी त्याची स्थिती तपासून पाहावी.